एक नंबरचा दिवा

लाल बाहुला झाडाखाली बसून डुलक्या घेत होता, म्हणजे आतल्या खोलीत सगळं ठीक होतं.

आजोबांनी पुस्तकातली एक ओळ वाचली, मान वर करून टीव्हीकडे पाहिलं, आणि पुन्हा तीच ओळ वाचायला घेतली. चार महिने त्यांचं वाचन असंच चाललं होतं. एक ओळ, एक नजर. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस, पण आता एक पान संपायला अर्धा तास लागायचा, आणि संपलं तरी त्या पानात काय होतं हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

टीव्हीवर बातम्या नव्हत्या की नाटक नव्हतं. हिरवा माळ, मधून वाहणारा ओढा, एक पूल, एक झाड, असा बाहुल्यांचा खेळ होता. तो सकाळी सातला सुरू व्हायचा आणि निजानीज होईपर्यंत तसाच राहायचा. खेळत कुणी नसे. एवढ्या माळावर तो एकटा लाल बाहुला. मिनिटभर कुणी हलवलं नाही की तो खाली बसायचा, हनुवटी छातीला टेकवायचा आणि डुलायला लागायचा. तो डुलत असला की आजोबांचा जीव थाऱ्यावर असे.

आजीला पहिला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी दुसरा आला, त्याने डाव्या हातातलंही बरंचसं नेलं. उरला तो डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तीही अर्धीमुर्धी. आजी जन्माची डावखुरी. शाळांचे गणवेश शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती, आणि जाड कापडाच्या आठ-आठ घड्या एका दमात कापणारी कात्री तिने याच अंगठ्याने चालवली होती. "म्हणूनच तो टिकला," असं आजोबा डॉक्टरांना म्हणाले होते. डॉक्टर नुसते हसले होते.

खरी भीती गळ्याची होती. लाळ, कफ, पाण्याचा एखादा चुकार घोट, काहीही अन्नाच्या नळीऐवजी श्वासाच्या नळीत उतरायचं. आजीला घरी आणून आठ दिवस झाले असतील. आजोबा दाढी करून न्हाणीघरातून बाहेर आले, तर तिचे ओठ जांभळे पडलेले आणि डोळे दारावर खिळलेले. किती वेळ ती अशी दाराकडे पाहत होती कुणास ठाऊक. हाक मारायला तिच्याकडे आवाज नव्हता. दवाखान्यात शिकवलं होतं तसं आजोबांनी तिला कुशीवर वळवलं, बोटाला फडकं गुंडाळून तोंड साफ केलं, पाठीवर थापा मारल्या. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, "केलंत ते बरोबर केलंत. फक्त उशीर करू नका. अशा वेळी फार मिनिटं हातात नसतात."

फार म्हणजे किती, हे विचारायचं धैर्य आजोबांना झालं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस ते खुर्ची टाकून तिच्या पलंगाशी बसले. तिचा श्वास आत गेला की यांचा आत जायचा, तिचा अडला की यांचा अडायचा. ती गाढ झोपली की ते तिला हलवून उठवायचे. ती डोळे उघडायची, रागाने पाहायची आणि पुन्हा मिटायची. भिंतीकडे तोंड फिरवणं तिला जमत नव्हतं, नाहीतर तिने तेच केलं असतं. शेवटी एकदा मुलगीच बोलली, "बाबा, तुम्ही जगत नाही आहात, पहारा देताय. अशाने दोघंही जाल." आजोबांनी खुर्ची बाहेरच्या खोलीत नेली. आजीला चैन पडावं म्हणून नेली, असं ते सगळ्यांना सांगत. मनातल्या मनात त्यांना माहीत होतं की आपल्यालाच तिथे बसवत नव्हतं.

पण मग हाक कशी यायची? विजेची घंटा लावून पाहिली, तिचं बटण अंगठ्याला दाबेना. टाळी वाजवणारं खेळणं आणलं, तर आजोबांचे कान जाड, त्यांना ते शेजारच्या खोलीतूनही ऐकू येईना. तेव्हा जावयाने ही युक्ती काढली. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, बटणांशी रोजचा संबंध. त्याने आपल्या घरातला जुना गेमचा डबा आणून टीव्हीला जोडला आणि त्याचा बिनतारी कंट्रोलर आजीच्या हातात दिला.

"आईंना फक्त हे मधलं गोल बटण दाबायचंय," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की हा झोपतो. बटण दाबलं की जागा होतो, दिवा लागतो, आणि इकडे तुमच्यासमोर बाहुला उडी मारतो. मध्ये भिंत असली तरी चालतं."

"यावर असे किती रिमोट चालतात?" आजोबांनी विचारलं.

"कंट्रोलर, आजोबा," नात म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि चुकीचा शब्द तिला सहन होत नसे. हा गुण तिने आजोबांकडूनच उचलला होता.

"चार," जावई म्हणाला.

"आणि हिचा कितवा?"

"एक नंबर. हे बघा." कंट्रोलरच्या कडेला ओळीने चार बारीक दिवे होते. त्यांतला पहिला लागला होता.

"आणि पाचवा आला तर?"

जावई हसला. "बाबा, दोन माणसं राहता तुम्ही. पाचवा येणार कोण?"

आजोबाही हसले. प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण एकच गोष्ट दोनदा विचारणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. समोरच्याला आपण मंद वाटू, या भीतीने ते पहिल्या उत्तरावरच मान डोलवत.

शिवाय नंबर म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ग्रंथालयात त्यांची सगळी नोकरी दाखल नोंदवहीवर झाली होती. नवं पुस्तक आलं की त्याला पुढचा दाखल क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत एक ओळ लिहायची. ते पुस्तक पुढे फाटो, हरवो, वाळवी खावो, तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधी मिळत नाही. त्याच्यापुढे 'गहाळ' असा शेरा पडतो, पण ओळ त्याचीच राहते. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या पुस्तकाचीसुद्धा जागा तिथे राखलेली असते. आजोबांना या गोष्टीचा फार आधार वाटायचा.

त्यांनी कागदाची चौकोनी चिठ्ठी कापली, काळ्या शाईने वळणदार '१' काढला आणि कंट्रोलरच्या पाठीवर चिकटवली. आजीच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक शोधून तिच्या तळव्याभोवती पट्टा केला, कंट्रोलर हातातून सटकू नये म्हणून. खुणा ठरल्या. एक उडी, या. दोन उड्या, काही नाही, सहज. ही दुसरी खूण आजीनेच काढली. कधी दुपारी बाहुला दोनदा उड्या मारायचा आणि बसायचा. आजोबा पुस्तकामागून हसायचे. पण तेवढ्या वेळात, पहिल्या आणि दुसऱ्या उडीच्या मध्ये, ते खुर्चीतून अर्धे उठायचे ते उठायचेच.

त्या रविवारी दुपारी सगळे आले. मुलगी, जावई, नात, आणि आजीचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा. अंगाने दार अडेल एवढा, आणि आवाज बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"काय भाऊजी," तो आत येतानाच म्हणाला, "एवढा मोठा टीव्ही आणि त्यावर एक बाहुला झोपवून ठेवलाय! आमच्या डेपोत असे पाच-सहा आहेत, पण ते निदान गणवेश घालून झोपतात."

तो आत जाऊन बहिणीशेजारी बसला. बराच वेळ आतून त्याचाच आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता आणि ते दिसू नये म्हणून जास्तच मोठ्याने बोलत होता. "ताई छान आहे. मला बघून तिने डोळे फिरवले. म्हणजे डोकं शाबूत आहे."

नातीने पिशवी उपडी केली. तिच्या घरचे दोन आणि मैत्रिणीकडून आणलेले दोन, असे चार कंट्रोलर दिवाणावर पडले. "आजोबा, आम्ही खेळू? आजीच्या बाहुल्याला काही होणार नाही."

आजोबांचं मन नको म्हणत होतं. पण चार महिन्यांत या खोलीत कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. "लाल आजीचा," ते म्हणाले. "त्याला धक्का लागता कामा नये."

"माहितेय हो. आम्ही बाकीचे रंग घेतो."

"आईंचा एक, आपले तीन," जावई म्हणाला. "झाले चार."

"बस फुल्ल," मेहुणा म्हणाला आणि दिवाणावर धपकन बसला. "दार लावा, बेल मारा."

आतून आजीने सहज दोन उड्या मारल्या, लाल बाहुला पुन्हा बसला, आणि माळावर निळा, पिवळा आणि हिरवा बाहुला उतरले. ओढ्यापलीकडची टोपली आणून झाडाखाली ठेवायची, असा काहीतरी खेळ होता. बाहुले एकमेकांना ढकलत, पाण्यात पडत, पुन्हा वर येत. लाल बाहुला झाडाखाली डुलत राहिला. मेहुण्याचा पिवळा सहाव्यांदा पाण्यात पडला तेव्हा तो म्हणाला, "बघा, ताई एकदाही पडली नाही. घरात सगळ्यांत चांगली तीच खेळते."

आजोबा खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांची नजर लाल रंगावरून हलत नव्हती. तिघांच्या धावपळीत तो कधी झाकला जायचा, कधी दिसायचा. झाकला गेला की ते पुढे वाकायचे.

मुलगी आतून आली. "आईला पेज भरवली. झोपलीय. दार ओढून घेतलंय, तुमच्या गोंधळाने उठायला नको."

दार उघडं असू दे, असं आजोबांच्या ओठांवर आलं होतं. पण मुलीचं ते पहाऱ्याचं बोलणं त्यांना आठवलं. दार काय, उघडं असलं तरी आतून आवाज थोडाच येणार होता? आणि बाहुला होता की समोर. ते पुन्हा त्याच्याकडे वळले.

"आई, तू पण ये ना," नात म्हणाली. "एक उरलाय."

"चहा टाकायचाय गं."

"मी टाकतो," आजोबा उठले. "खेळ तू थोडी. तूही कुठे बसतेस कधी."

स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नसे. आजोबांनी पाणी मोजलं, गॅस पेटवला. ते दोनदा दारापर्यंत आले. दोन्ही वेळा मेहुण्याची रुंद पाठ टीव्हीच्या आडवी आली होती. ते परत फिरले आणि डबे उघडू लागले.

"बाबा," मुलगी मागे उभी होती, "साखर मिठाच्या डब्यात शोधताय. जा बाहेर. मी करते."

"अगं, तू खेळत होतीस ना?"

"झालं तेवढं. हात चालत नाही माझा त्याच्यावर. जा."

आजोबा बाहेर आले. पहिलं काम, पडद्याकडे पाहिलं. लाल बाहुला बसून डुलत होता.

फक्त झाडाखाली नव्हता, पुलाजवळ होता.

ते उभेच राहिले. मग त्यांना आठवलं की हे बाहुले एकमेकांना ढकलतात. ढकलला असेल कुणीतरी. धक्का लावू नका म्हणून बजावलं होतं, पण खेळात कोण ऐकतं? डुलतोय ना, मग झालं. दिवाणाच्या टोकाला एक कंट्रोलर पालथा पडला होता. तो बाजूला सारून ते बसले.

"भाऊजी, ऐका," मेहुणा पडद्यावरची नजर न काढता सांगू लागला. "परवा एक बाई बसमध्ये चढल्या, हातात पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. कंडक्टर म्हणाला, पोपटाचं तिकीट पडेल. बाई म्हणाल्या, तो उभा राहील. तर पोपट काय म्हणाला असेल?"

"काय?"

"पोपट म्हणाला, 'पुढे सरका, पुढे सरका!' देवाशप्पथ. रोज त्याच मार्गावर फिरणारा पोपट. अर्धी बस पुढे सरकली!"

आजोबा हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नात खेळ सोडून त्यांच्याकडे पाहू लागली. चार महिन्यांनी त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. त्यांनी पाठ टेकली. मेहुण्याने दुसरा किस्सा सुरू केला, मग तिसरा. किटलीचा, कपबश्यांचा आवाज येत होता. पुलाजवळ लाल बाहुला हनुवटी छातीला लावून एका लयीत डुलत होता. इतका शांत की आजोबांना त्याचा हेवा वाटला. आजचा दिवस चांगला गेला, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच ते दचकले, कारण असं काही मनात आलं की पुढे काहीतरी होतंच, असा त्यांचा अनुभव होता. पण पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं.

मुलगी ट्रे घेऊन आली. सगळ्यांना कप दिले. दिवाणाच्या टोकाला टेकली आणि तो पालथा पडलेला कंट्रोलर सहज उचलला. उचलताना तिचा अंगठा बटणावर पडला.

लाल बाहुल्याने उडी मारली.

आजोबा उठले. कप बशीतून घसरला, चहा मांडीवर सांडला, त्यांना कळलंही नाही.

"बाबा, बसा, बसा," मुलगी म्हणाली. "ते मी आहे."

"मी म्हणजे?"

"लाल मी आहे. मघाशी हे बटण दाबलं तर एक नंबरचा दिवा आपोआप लागला. आईचा झोपला होता ना, म्हणून जागा मोकळी..." बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला.

"मग तिचा?" आजोबांनी विचारलं. "तिचा आता कितवा?"

सगळे टीव्हीकडे वळले. पडद्यावर चारही बाहुले उभे होते. लाल, निळा, पिवळा, हिरवा. माळ भरला होता.

आजोबा कधी धावले नव्हते, शाळेतही नाही. ती बारा पावलं ते धावले. आतल्या दाराची मूठ त्यांच्या घामेजल्या हातातून निसटली, पुन्हा धरली.

आजीचे डोळे दारावर होते. ओठ जांभळे नव्हते, काळसर होते. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या आणि छाती हलत होती, पण तिच्यात काही जात नव्हतं. डावा अंगठा बटणावर होता. तो दाबत होता, सोडत होता, दाबत होता. कंट्रोलरच्या कडेचे चारही दिवे पळत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. जागा शोधत होते. एकही टिकत नव्हता.

"कुशीवर!" आजोबा ओरडले. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मेहुण्याने एका हाताने बहिणीला लहान मुलीसारखं वळवलं. मुलीला फडकं सापडेना, तिने ओढणीचं टोक पुढे केलं. आजोबांनी ते बोटाला गुंडाळलं, तोंडात घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. कफाची तार निघाली, तुटली. त्यांनी पाठीवर थाप मारली. एक. दोन. हाडांचा पोकळ आवाज आला. तीन. काही नाही. चार. काही नाही. मुलगी "आई, आई" करत होती. जावई फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता आणि घराचा नंबरच विसरला होता. आजोबांना वाटलं, आता हात थांबवला की संपलं, म्हणून ते मारत राहिले. किती झाल्या ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं.

मग ओल्या कापडाच्या चिरण्यासारखा एक आवाज आला. आजीच्या तोंडातून काहीतरी चादरीवर पडलं, आणि तिने श्वास घेतला. घरघरत, खरखरत, अडखळत, पण घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला ती खोकली.

आजोबा पलंगाच्या कडेवर बसले ते उठलेच नाहीत.

रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, नळीने घसा साफ केला, नाकाला प्राणवायू लावून पाहिला. दवाखान्यात न्यायची गरज नाही, पण आज एकटं सोडू नका, असं सांगून त्या गेल्या. खोलीत दिवेलागणीचा करडा उजेड होता. कुणी दिवा लावला नव्हता.

मुलगी जमिनीवर बसून रडत होती. "मिनिटभर हातात धरला हो मी. लाल लागलेला पाहिला, पण आईची जागा गेली हे सुचलंच नाही मला."

"मला वाटलं," नात भिंतीला चिकटून म्हणाली, "आजीने दाबलं की तिला पुढचा नंबर मिळेल."

"पुढचा म्हणजे पाच?" आजोबांनी विचारलं.

"पाच नसतोच, आजोबा. चारच."

जावई खाली मान घालून बोलला. "नंबर त्या कंट्रोलरचा नसतो, बाबा. जो आधी येईल त्याचा असतो. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं होतं."

"बससारखं," मेहुणा हळूच म्हणाला. तो एवढ्या हळू बोलू शकतो हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. "माणूस उठला की सीट गेली."

आजोबांनी आजीच्या हातातला कंट्रोलर उलटा केला. पाठीवर त्यांची चिठ्ठी होती. काळ्या शाईतला वळणदार १. कोपरे जराही उचकटले नव्हते. चार महिने ती ओळ आपण लिहिली आहे म्हणजे ती तिचीच आहे, असं धरून ते बाहेर बसले होते. विचारलं होतं खरं. एकदा. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली होती. मुलीला हे सांगावं, तुझं काही चुकलं नाही म्हणावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मी उद्या दुसरं काहीतरी बसवतो," जावई म्हणत होता. "कॅमेरा लावू, किंवा दाबताच तुमच्या मनगटावर थरथरेल असं..."

"हो," आजोबा म्हणाले. "बसव." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ते बंद कधी पडतं तेही सांग. मी दोनदा विचारीन."

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. आपली खुर्ची फरशीवरून ओढत त्यांनी आत आणली. मेहुणा मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. खुर्ची पलंगाला भिडवली. आजीच्या तळव्याभोवतीचं इलॅस्टिक सोडलं. कातडीवर त्याचा लाल वळ उठला होता. कंट्रोलर काढून त्या जागी त्यांनी आपली तर्जनी ठेवली.

आता इतक्या जवळून सगळं ऐकू येत होतं. श्वास आत जाताना बारीक शीळ वाजायची, बाहेर येताना घरघर. आणि त्या दोन्हींच्या मध्ये काहीच नसायचं. त्या काहीच नसण्याला घाबरून ते बाहेर गेले होते. ते अजून तिथेच होतं. प्रत्येक वेळी त्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि मग शीळ ऐकू यायची.

आजीने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या अंगठ्याने त्यांचं बोट दाबलं. एकदा.

आजोबा ताडकन उठून तिच्या तोंडावर वाकले.

अंगठ्याने पुन्हा दाबलं. दोन. काही नाही, सहज.

ते वाकलेलेच राहिले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. तिने रागाने पाहिलं आणि पुन्हा दाबलं, एक, दोन, या वेळी होती नव्हती ती सगळी शक्ती लावून. मग ते बसले. पुस्तक मांडीवर घेतलं. एक ओळ वाचली, मान वर केली.

उघड्या दारातून समोरच्या खोलीतला टीव्ही दिसत होता. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुलाजवळ लाल बाहुला पुन्हा खाली बसला होता आणि सगळं ठीक असल्यासारखा डुलत होता.

आजोबांनी तिच्या हातातलं बोट न काढता, बुडाखालची खुर्ची पायांनी रेटत रेटत वळवली, टीव्हीकडे पाठ होईपर्यंत.